बेसबॉलमधली निराशा पचवताना : सिअ‍ॅटलच्या नव्या चाहत्यांसाठी मार्गदर्शन

दरवर्षी सिअ‍ॅटल, रेडमंड, बेलव्ह्यू या भागात नोकरीनिमित्त नवी मराठी कुटुंबे येऊन राहतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी सहकारी त्यांना टी-मोबाइल पार्क या मैदानावर मरिनर्स या गावच्या संघाचा सामना दाखवायला घेऊन जातो. बहुतेकांसाठी ती एक छान संध्याकाळ असते आणि विषय तिथेच संपतो. थोड्यांना मात्र हा खेळ असा काही लळा लावतो की ते सकाळी उठल्या उठल्या आदल्या रात्रीचा निकाल बघू लागतात, खेळाडूंची नावे पाठ करतात, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत एका पराभवाने त्यांची झोप उडू लागते. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. तीन स्ट्राइकला बॅटर बाद होतो, चार बॉलला त्याला पहिला बेस मिळतो आणि तीन गडी बाद झाले की अर्धी इनिंग संपते, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. त्यापुढचे, म्हणजे हरणाऱ्या आणि त्याहून वाईट म्हणजे थोडक्यात हुकणाऱ्या संघावर वर्षानुवर्षे जीव लावायचा तर दिवस कसे काढायचे, ते इथे क्रमाने सांगितले आहे.

पायरी १ : हंगामाची लांबी अंगवळणी पाडून घ्या

क्रिकेटवर वाढलेला माणूस इथे पहिली चूक करतो ती मोजमापाची. भारताचा सामना हरला की दिवस वाया गेला, अशी आपल्या मनाची ठेवण असते आणि तीच आपण बेसबॉलला लावतो. पण बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो आणि सुट्टीचे दिवस मोजकेच असतात. मरिनर्सने २००१ साली ११६ सामने जिंकले. मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या इतिहासात एका हंगामात इतके विजय आजवर दुसऱ्या कोणत्याही संघाने मिळवलेले नाहीत. तरीही त्या वर्षी हा संघ ४६ वेळा हरला. उलट २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरला, आणि तशा दैन्यातही त्याने ४१ सामने जिंकले. याचा अर्थ असा की चाळीसेक विजय आणि चाळीसेक पराभव प्रत्येक संघाच्या पाचवीला पुजलेले असतात, आणि खरी लढाई उरलेल्या पाऊणशे सामन्यांत होते. आजचा पराभव त्या चाळिसांतला की पाऊणशेतला, हे त्या रात्री कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून एक साधी वही करावी आणि तीत निकाल दहा-दहा सामन्यांच्या गटांत लिहावेत. दहापैकी पाच विजय म्हणजे संघ जागच्या जागी आहे. दहापैकी सहा विजय सातत्याने मिळत गेले तर वर्षाखेरीस ९७ च्या आसपास विजय होतात आणि तो संघ बलाढ्य समजला जातो. मरिनर्स या दोहोंच्या मधोमध असतो. २०२१ पासूनच्या पाच वर्षांत त्याचे विजय अनुक्रमे ९०, ९०, ८८, ८५ आणि ९० असे होते, आणि या पाचांपैकी फक्त २०२२ आणि २०२५ या दोन वर्षी त्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, प्रवेश मिळाला. साठ टक्के सामने जिंकणारा संघ थोर आणि पंचावन्न टक्के जिंकणारा कायम टांगणीला, इतका हा फरक बारीक आहे. दहाच्या गटांची वही ठेवली की चार पराभवांची मालिका पाहून छाती धडधडत नाही, कारण मागची पाने उलटल्यावर तशीच मालिका मे महिन्यातही सापडते.

गुणतक्ता मेअखेरीपर्यंत बघू नये, असेही मी सांगेन. एप्रिलचा तक्ता खोट्या आशा तरी दाखवतो किंवा खोटी भीती तरी.

पायरी २ : संघ राहत्या गावाचा निवडा आणि त्याचा इतिहास आधी समजून घ्या

नवखे लोक पुष्कळदा विचारतात की जिंकणाराच संघ का निवडू नये. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, जिंकली आहे, मग त्यांच्याच मागे का उभे राहू नये? माझे मत असे की रोज खेळला जाणारा खेळ रोजच्या गावाशीच बांधलेला असावा. बसथांब्यावरच्या अनोळखी माणसाशी, दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलीशी आणि शाळेत मुलाच्या वर्गशिक्षिकेशी कालच्या सामन्याबद्दल दोन वाक्ये बोलता येतात तेव्हा परके गाव आपले होऊ लागते. हा लाभ दूरच्या विजेत्या संघाकडून मिळत नाही.

मात्र पदरी काय घेतो आहोत हे जाणून घ्यावे. सिअ‍ॅटलला १९६९ साली पायलट्स नावाचा संघ मिळाला होता. एका हंगामात त्याचे दिवाळे निघाले आणि तो मिलवॉकीला गेला. मरिनर्स १९७७ साली सुरू झाला, आणि पराभवांपेक्षा विजय जास्त असा पहिला हंगाम त्याच्या वाट्याला यायला १९९१ उजाडले. १९९५ साली संघ गाव सोडून जाण्याच्या बेतात होता. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्धच्या पाचव्या आणि निर्णायक सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये एड्गर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला आणि पहिल्या बेसवरून निघालेला केन ग्रिफी ज्युनियर जिवाच्या आकांताने धावत घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर, पोहोचला. सामना ६-५ असा जिंकला गेला, आणि त्या महिन्यात गावात जी लाट उसळली तिच्या जोरावर नवे मैदान बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. दोन बेस मिळवून देणाऱ्या फटक्याला डबल म्हणतात, आणि आजही जुन्या चाहत्यांपुढे 'द डबल' एवढे दोनच शब्द उच्चारले तरी त्यांचा चेहरा उजळतो. पण त्यानंतर संघाच्या मोठ्या खेळाडूंपैकी रँडी जॉन्सन १९९८ साली, ग्रिफी २००० साली आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ त्याच वर्षाच्या अखेरीस गेला. तिघेही गेल्यानंतर आलेले ११६ विजयांचे वर्ष यांकीजपुढे ४-१ असे संपले, आणि मग २००२ ते २०२१ अशी सलग वीस वर्षे बाद फेरीचे दर्शनही झाले नाही. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला संघ एकच आहे आणि तो आपला आहे.

हे सगळे आधी वाचून घ्यावे, कारण शेजारी बसलेला सत्तरीचा गृहस्थ आठव्या इनिंगमध्ये तीन धावांची आघाडी असतानाही नखे का कुरतडतो, हे त्याशिवाय कळत नाही.

पायरी ३ : सामना बघण्याची सोय लावा

ही सोय वाटते तितकी सोपी नाही. बेसबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क प्रदेशानुसार वाटलेले आहेत आणि लीगच्या स्वतःच्या सेवेचे पैसे भरूनही आपल्याच गावच्या संघाचा सामना पडद्यावर दिसत नाही, असा अनुभव अनेक वर्षे लाखो चाहत्यांनी घेतला आहे. आयोवा राज्याचेच बघा : तिथे मोठ्या लीगचा स्वतःचा एकही संघ नाही, पण भोवतालच्या सहा संघांनी त्यावर हक्क सांगितल्यामुळे तिथल्या चाहत्याला त्या सहाही संघांचे सामने बंद असत. व्यवस्था वर्षागणिक बदलत असल्याने हंगाम सुरू होण्यापूर्वी, पैसे भरण्याच्या आधी, आपल्या पिन कोडवर नेमके काय दिसते याची खात्री करून घ्यावी.

माझा सल्ला विचाराल तर आठवड्यातले तीन-चार सामने रेडिओवर ऐकावेत. मी २०१० साली इथे आलो तेव्हा डेव्ह नीहाउस यांचा आवाज मला काही महिनेच ऐकायला मिळाला. १९७७ च्या पहिल्या सामन्यापासून ते या संघाचे समालोचन करत होते आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते गेले. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना किंवा रात्री गाडी चालवताना ऐकलेला सामना बघितलेल्या सामन्याइतका छळत नाही, कारण हात कामात असतात. पूर्व किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास सुरू होतात आणि कचेरीच्या वेळेवर येतात. त्यांचे पहिले दोन तास सोडून द्यायला शिकावे. २०२३ पासून चेंडू टाकण्याला घड्याळाचे बंधन आल्यामुळे सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत शेवटचा भाग तरी हाती लागतो.

भारतातल्या आई-वडिलांना किंवा भावंडांना या नादात ओढायचे असेल तर वेळ उत्तम जुळते. सिअ‍ॅटलमध्ये संध्याकाळी ६:४० ला सुरू होणारा सामना पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१० ला सुरू होतो. माझे वडील चहा घेता घेता पहिल्या तीन इनिंग बघतात आणि मग आंघोळीला जातात. त्यांना निकाल कळतो तो माझ्या आवाजावरून.

पायरी ४ : पेन्सिलने नोंद ठेवायला शिका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण निराशेवर मला सापडलेला खरा उपाय हाच आहे.

मैदानावर स्कोअरकार्ड विकत मिळते. घरी असाल तर चौकटींचा कागद आखून घेता येतो. प्रत्येक बॅटरची एक आडवी ओळ असते, प्रत्येक इनिंगचा एक उभा स्तंभ असतो आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक छोटी चौकट मिळते. त्या चौकटीत चार बेसचा चौकोन टोकावर उभा केल्यासारखा काढतात. क्षेत्ररक्षकांना ठरावीक क्रमांक असतात : चेंडू टाकणारा पिचर १, तो बॅटरमागे झेलणारा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागच्या मोकळ्या मैदानातले तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असूनही त्याचा क्रमांक सहा का, हा प्रश्न सुरुवातीला सतावतो. आठवडाभरात तो क्रमांक हाताला आपसूक येतो. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोन गडी बाद झाले, तर चौकटीत ६-४-३ असे लिहायचे. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के काढायचा, आणि तिसऱ्या चेंडूवर बॅट न फिरवताच उभ्याउभ्या बाद झाला तर तोच के उलटा काढायचा. धावणारा जितका पुढे जाईल तितकी चौकोनाची बाजू गिरवायची, आणि तो घरी पोहोचला की पूर्ण चौकोन पेन्सिलने भरून टाकायचा.

आता यातून निराशा कशी कमी होते ते पाहा. समजा नवव्या इनिंगमध्ये शेवटच्या पिचरने होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे गेलेला फटका, दिला आणि सामना ३-२ असा हातचा गेला. ज्याने नोंद ठेवलेली नाही तो माणूस त्या एका पिचरला शिव्या देत घरी जातो, आणि तो राग दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. नोंद ठेवणारा कागदाकडे बघतो. तिसऱ्या इनिंगच्या स्तंभात तीन अर्धवट गिरवलेले चौकोन दिसतात, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना एकही धाव झाली नव्हती. सहाव्यातही दोन चौकोन असेच अर्धे राहिलेले असतात. सामना खरे तर तिथे गेला होता. नवव्या इनिंगमध्ये त्याची फक्त घोषणा झाली. राग योग्य जागी बसला की तो लवकर शमतो, आणि दोष द्यायचा तर एका माणसाला न देता नऊ जणांत वाटला जातो.

शिवाय हे कागद साठत जातात. आपल्या फेलिक्स हर्नांडेझ या पिचरने १५ ऑगस्ट २०१२ रोजी टँपा बे संघाविरुद्ध परिपूर्ण सामना टाकला, म्हणजे सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीसही बाद झाले, एकालाही बेस मिळाला नाही. सामना १-० असा सुटला. बुधवारची दुपार होती आणि मी कचेरीत एका लांबलेल्या बैठकीत बसलो होतो. रात्री मी तो सामना पहिल्यापासून लावला, निकाल ठाऊक असताना पेन्सिल घेऊन बसलो आणि शेवटच्या चौकटीत उलटा के काढला. त्या वर्षी आपला संघ ७५ विजय आणि ८७ पराभवांसह गटात तळाला राहिला. त्या हंगामातला दुसरा कोणताही दिवस मला इतका स्पष्ट आठवत नाही, आणि तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पायरी ५ : पंचांविषयीचा राग मर्यादेत ठेवा

अंपायरच्या चुका होतात आणि त्या डोळ्यांदेखत होतात. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गालारागाचा परिपूर्ण सामना शेवटच्या, सत्ताविसाव्या बॅटरवर पहिल्या बेसच्या अंपायरने चुकीचा निर्णय दिल्याने हुकला. ते अंपायर जिम जॉइस यांनी त्याच रात्री चूक जाहीरपणे मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी गालारागाने स्वतः मैदानावर येऊन त्यांच्या हाती संघाची यादी दिली. जॉइस यांचे डोळे भरून आले होते. चूक केलेला माणूस आणि चुकीने नाडलेला माणूस यांनी कसे वागावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. २०१४ पासून बेसवरचे निर्णय चित्रफीत पाहून तपासले जातात, आणि २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक आणि बॉलच्या निर्णयालाही संघांना मोजक्या वेळा आव्हान देता येते. राग काढायला आता पूर्वीइतकी जागा उरलेली नाही.

पायरी ६ : खेळाडू जाणार हे धरून चाला

मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडूला आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते, आणि त्याआधीही संघ त्याला विचारल्याशिवाय बहुधा दुसरीकडे धाडू शकतो. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला अदलाबदलीची मुदत संपते. त्याच्या आधीचा आठवडा नवख्याला फार जड जातो. मुलाच्या पाठीवर ज्याचे नाव छापलेला सदरा आहे तो खेळाडू मंगळवारी आपला असतो आणि बुधवारी दुसऱ्या गावचा. पगारांवर इथे पक्की कमाल मर्यादा नाही, मर्यादेबाहेर खर्च करणाऱ्या संघावर फक्त कर बसतो, त्यामुळे शोहेई ओहतानी या एका खेळाडूला दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर देऊ शकणारा संघ आणि न देऊ शकणारा संघ एकाच मैदानावर उतरतात. याची चीड येते आणि ती रास्त आहे.

दुसरे दुःख दुखापतींचे. पिचरच्या कोपरातला अस्थिबंध फाटला की तो दुसरीकडचा स्नायुबंध लावून नव्याने बांधतात. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर परतायला साधारण एक ते दीड वर्ष लागते. 'कोपराची तपासणी होणार आहे' अशी बातमी आली की त्या पिचरला पुढच्या वर्षात मोजावे आणि त्या दिवशी दुसरे काही वाचू नये.

आणि जो जात नाही त्याचे काय होते, हेही सांगायला हवे. हर्नांडेझ २००५ पासून २०१९ पर्यंत पंधरा हंगाम इथेच खेळला. २०१० साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला तेव्हा त्याच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव होते, कारण तो प्रतिस्पर्ध्यांना धावा करू देत नव्हता आणि त्याच्या मागचा संघही धावा करत नव्हता. पंधरा वर्षांत त्याला बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. २६ सप्टेंबर २०१९ रोजी तो शेवटच्या वेळी मैदान सोडताना रडला आणि त्याच्या नावाचे पिवळे सदरे घालून बसलेले आम्ही सगळेही रडलो. खेळाडूवर जीव लावू नका असे मी सांगणार नाही. सदरा मात्र संघाच्या नावाचा घ्यावा, मुलांना तरी.

पायरी ७ : सप्टेंबरचे गणित

या महिन्यात आपल्या सामन्याइतकेच लक्ष दुसऱ्यांच्या सामन्यांवर लागते आणि हे खरे थकवणारे असते. मरिनर्स २०१४, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी अवघ्या एका सामन्याने बाद फेरीला मुकला. २०२४ साली जूनच्या मध्यावर गटात दहा सामन्यांची आघाडी होती आणि महिन्याभरात ती पूर्ण विरली. अशा वर्षी सप्टेंबरमध्ये तुम्ही एप्रिलमधला कुठलातरी हुकलेला सामना शोधत बसाल, 'तो एक जिंकला असता तर' असे म्हणाल. तो शोध घेऊ नका. १६२ सामन्यांत असे पंचवीस तरी सापडतात, आणि विरुद्ध बाजूला नशिबाने जिंकलेले तितकेच असतात, हे वहीच सांगते.

दुसऱ्यांचे निकाल दिवसातून एकदाच, रात्री झोपण्यापूर्वी बघावेत. एवढा एक नियम पाळला तरी घरातली माणसे दुवा देतात.

कधीतरी गणित जुळतेही. ३० सप्टेंबर २०२२ रोजी नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक असताना आपल्या कॅल रॅलीने ओकलंडविरुद्ध होम रन मारला आणि वीस वर्षांचा उपास सुटला. तेव्हा मी बेलव्ह्यूच्या घराबाहेर अंगणात उभा होतो, कारण आत बसवत नव्हते, आणि निकाल मला शेजारच्या तीन घरांतून एकदम उठलेल्या ओरडण्याने कळला.

पायरी ८ : ऑक्टोबर वेगळा खेळ आहे असे समजा

सहा महिने संख्येच्या बळावर चाललेला खेळ ऑक्टोबरमध्ये एकदम तीन, पाच आणि सात सामन्यांच्या मालिकांवर येऊन ठेपतो. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धरली, तर सात सामन्यांची मालिका तो दहापैकी साधारण सहा वेळाच जिंकतो. पहिली फेरी माफ झाली आणि प्रत्येक मालिकेत तोच वरचढ राहिला, तरी लागोपाठ तीन मालिका जिंकून विजेता होण्याची त्याची शक्यता पाचात एक एवढीच उरते. ११६ सामने जिंकणारा संघ पाच सामन्यांत का गारद झाला याचे उत्तर बरेचसे या आकड्यांत आहे. हे गणित सप्टेंबरच्या अखेरीस एकदा कागदावर स्वतः करून बघावे, नंतर डोके ठिकाणावर राहत नाही.

सामने एकट्याने बघू नयेत. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्याला मी मैदानावर होतो. २००१ नंतर गावात प्रथमच बाद फेरीचा सामना होत होता. दुपारी एकच्या पुढे सुरू झालेला तो सामना अठरा इनिंग, सहा तास बावीस मिनिटे चालला आणि सतरा इनिंगपर्यंत दोन्ही बाजूंना शून्य होते. आठवड्यापूर्वी टोरोंटोविरुद्ध ८-१ अशा पिछाडीवरून संघ १०-९ असा जिंकला होता, तेव्हा चाहत्यांनी शकुन म्हणून डोक्यावर बूट ठेवले होते. तेच आता हजारो लोक करू लागले. पायातले डोक्यावर घ्यायचे नाही असे संस्कार असलेला मी पंधराव्या इनिंगपर्यंत तग धरून होतो. मग शेजारच्या आजींनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी बूट काढला. अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्याने होम रन मारला आणि आम्ही १-० असे हरलो. आजींनी आपला बूट पायात घातला, माझा हात हातात घेतला आणि काही न बोलता जिन्याकडे निघाल्या. तो सामना मी एकट्याने घरी बघितला असता तर मला वाटते मी हा नाद तेव्हाच सोडला असता.

आणि २०२५. गटविजेतेपद मिळाले, रॅलीने कॅचर असून ६० होम रन मारले, डेट्रॉइटला पंधरा इनिंगच्या सामन्यात हरवले, आणि टोरोंटोविरुद्धच्या मालिकेत ३-२ अशी आघाडी घेतली. सहावा सामना गेला. सातवा २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत आला. आमच्याकडे चार कुटुंबे जमली होती, पणत्या लावून झाल्या होत्या, चकल्यांचा डबा मधोमध उघडा होता. सातव्या इनिंगपर्यंत आपण ३-१ असे पुढे होतो, वर्ल्ड सिरीजपासून नऊ गडी दूर होतो. मग चार बॉलवर मिळालेला एक वॉक, एक फटका, चेंडू नुसता जवळ टेकवणारा एक बंट, आणि दोन धावणारे बेसवर असताना टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत मारला. ४-३. हातातोंडाशी आलेला घास गेला. कोणीही काही बोलले नाही. माझ्या मुलीने हातातली अर्धी चकली हळूच परत डब्यात ठेवली.

अशा रात्रीनंतर काय करावे ते अनुभवावरून सांगतो. तो क्षण पुन्हा दाखवणाऱ्या चित्रफिती निदान आठवडाभर उघडू नयेत. पिचर कोणता आणायला हवा होता हा वाद त्या रात्री घालू नये. तो हिवाळाभर पुरतो. मुलांना 'पुढच्या वर्षी नक्की' असे सांगू नये, कारण ती ते लक्षात ठेवतात. त्यांना वाईट वाटले असेल तर वाटू द्यावे, आणि आपल्यालाही वाटले आहे हे लपवू नये. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना टोपी घालूनच जावे. मी गेलो. उद्वाहनात एका अनोळखी माणसाच्या डोक्यावरही तीच टोपी होती आणि आम्ही अकराव्या मजल्यापर्यंत फक्त मान हलवली.

पायरी ९ : हिवाळा

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बातम्या पुष्कळ येतात आणि त्यांतल्या बहुतेक अफवा असतात. सही झाल्याची बातमी संघाने स्वतः दिल्याशिवाय खरी मानू नये. हा काळ नोंदींचे कागद तारखेने लावून ठेवायला चांगला आहे. फेब्रुवारीच्या मध्यास पिचर आणि कॅचर अ‍ॅरिझोनातल्या पिओरिया इथे सरावाला जमतात, महिनाअखेरीस सरावाचे सामने सुरू होतात आणि त्यांतले काही रेडिओवर लागतात. त्या निकालांना काही अर्थ नसतो, आवाज मात्र ऐकावा. पहिले तिकीट एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारचे काढावे. त्या दिवशी गर्दी कमी असते, तिकीट स्वस्त मिळते, आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसलात तर संपूर्ण मैदान कागदावर आखल्यासारखे दिसते. लाइट रेलने स्टेडियम स्थानकावर उतरावे. मैदानाचे छप्पर सरकते आहे, पण ते छत्रीसारखे फक्त वरून झाकते, बाजूंनी वारा येतच राहतो, म्हणून जाड जाकीट आणि दोन पेन्सिली बरोबर घ्याव्यात. थंडीत टोक लवकर मोडते.